देवळाविना उपासना : टॉल्किनच्या कल्पित सृष्टीचा धर्मेतिहास

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीत देऊळ नाही, पुरोहित नाही आणि सामुदायिक उपासनाही जवळजवळ नाही. एवढ्यावरून ही सृष्टी इहवादी ठरविण्याचा मोह होतो. परंतु रॉबर्ट मरे या जेझुइट स्नेह्याला डिसेंबर १९५३ मध्ये लिहिलेल्या पत्रात टॉल्किन यांनी ही कृती मूलतः धार्मिक, कॅथलिक असल्याचे सांगितले आणि त्याच कारणास्तव तीतून पंथविधींचे उल्लेख जवळजवळ काढून टाकल्याचेही नमूद केले. हा अभाव अशा रीतीने हेतुपूर्वक घडविलेला आहे. त्याचा अर्थ लावायचा, तर या सृष्टीच्या पूर्वेतिहासाकडे वळावे लागते.

हा पूर्वेतिहास मुख्यतः टॉल्किन यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) व ‘अनफिनिश्ड टेल्स’ (१९८०) या ग्रंथांत आढळतो. नूमेनोर हे मानवांचे बेट. त्याच्या मध्यभागी मेनेल्तार्मा हा पर्वत असून त्याचे शिखर एरू या एकमेव निर्मात्याला वाहिलेले आहे. तेथे वास्तू नाही, वेदी नाही. वर्षातून तीनदा राजा प्रजेसह शिखरावर जातो आणि एकटाच प्रार्थना उच्चारतो; इतरांनी मौन पाळावयाचे असते. वालार या अधिशक्तींना आदर आहे, त्यांचा धावा केला जातो. पूजा मात्र त्यांना नाही.

या उपासनेचा ऱ्हास देवळापासून सुरू होत नाही, हे लक्षणीय आहे. तो थडग्यांपासून सुरू होतो. मृत्यूच्या भयाने ग्रासलेले नूमेनोरवासी मृतांसाठी भव्य वास्तू उभारतात, देह टिकविण्याच्या कला शोधतात. पुढे एरूला प्रथमफले अर्पण करण्याची प्रथा दुर्लक्षित होते. दुसऱ्या युगाच्या ३२६२ व्या वर्षी बंदी म्हणून आलेला साउरॉन या भयालाच वास्तुरूप देतो. आर्मेनेलोस नगरीत ५०० फूट उंचीचे, रुपेरी घुमटाचे वर्तुळाकार मंदिर उभे राहते. ते मेल्कोर या बंडखोर वालाचे. त्यातील पहिला अग्नी पवित्र श्वेतवृक्षाच्या लाकडावर पेटतो आणि पुढे मृत्यूपासून सुटका मिळावी म्हणून तेथे नरबळी दिले जातात. ३३१९ मध्ये बेट बुडते. तीन सहस्रकांहून दीर्घ इतिहासातील शेवटच्या ५७ वर्षांत हे सारे घडते.

या इतिहासाच्या प्रकाशात कादंबरीतील मौन बोलके होते. फारामिर व त्याचे सैनिक जेवणापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात, तो मेनेल्तार्म्यावरील मौनाचाच अवशेष होय. मराठीतील ‘धर्म’ या संज्ञेत कर्तव्य, नीती आणि उपासना ही तिन्ही एकवटतात. येथे उपासना आटून कर्तव्य व नीती तेवढी उरली आहेत, आणि कथेतील शपथ, दया व त्याग ही मूल्ये त्यांच्यावरच तोललेली आहेत.

तथापि या योजनेची किंमतही मोजावी लागते. मंदिर, बळी व विधी सातत्याने साउरॉनच्या बाजूस गेल्यामुळे दृश्य धर्माचरण हेच भ्रष्टतेचे चिन्ह बनते. पूर्वेकडील व दक्षिणेकडील मानवसमूहांविषयी वाचकाला कळते ते प्रामुख्याने त्यांच्यावरील काळोख्या सत्तेचा अंमल. ते उपासनेत काय शोधत होते, कशाला भीत होते, याची आतून ओळख संहिता करून देत नाही. नूमेनोरवासीयांच्या पतनाला मृत्युभयाचे मानवी कारण लाभते. या इतरांच्या श्रद्धेला ते लाभत नाही. हॅराडचा एक मृत सैनिक पाहून सॅमच्या मनात त्याचे नाव काय असेल, तो खरोखर दुष्ट होता काय, हा प्रश्न येतो. त्याच सैनिकाने कोणाची प्रार्थना केली असेल, हा प्रश्न मात्र कादंबरीत कोणीच विचारत नाही. टॉल्किन यांच्या धर्मविचाराची खोली आणि तिची सीमा या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी दिसतात.