गॅरेजमधली भिंत

मोटारसायकलचा मागचा टायर झिजला म्हणून मी नवा घातला. माप तेच, कंपनी दुसरी. चारशे रुपये वाचले. पहिल्याच खड्ड्यावर मागून सौभाग्यवतींचा आवाज आला, ‘अहो, ही गाडी आहे की उंट?’ पुढचे तीन दिवस त्या रिक्षानं हिंडल्या. चारशे रुपये तिथेच खर्ची पडले.

गॅरेजवाल्यानं शॉकअपची खाच एक घर खाली आणली. म्हणाला, ‘साहेब, या टायरची बाजू कडक आहे. टायर दबत नाही, मग शॉकअपनं दबायला नको?’

मला एकदम व्हॅलेंटिनो रॉसी आठवला. (आमचं साम्य चाकांच्या संख्येपुरतंच.) २००७ साली केसी स्टोनर डुकाटीवर, ब्रिजस्टोनच्या टायरांवर मोटोजीपीचा जगज्जेता झाला. आपलं घोडं कुठं पेंड खातंय, हे मिशेलिनवाल्या रॉसीनं ओळखलं आणि २००८ साठी ब्रिजस्टोन मागून घेतले. सहकारी होर्हे लोरेन्झो मात्र मिशेलिनवरच. संघ एक, यामाहाचा, गॅरेज एक, आणि मधोमध भिंत! टायरची गुपितं पलीकडे जाऊ नयेत म्हणून. आमच्या कॅशियरभोवतीही जाळी असते, पण तिच्यातून निदान चहा तरी आत जातो.

यामाहाची गाडी मिशेलिनवर घडलेली. टायर बदलणं म्हणजे खतावणीतला एक आकडा हलवणं. सगळा ताळेबंद फिरतो. छापील माप तेच असलं तरी उंची दोनचार मिलिमीटरनं वेगळी निघते. मग गाडीचा मागचा भाग वर जातो, पुढच्या फोर्कचा कल बदलतो आणि गाडी वळणावर निराळीच वागू लागते. कतारला रॉसी पाचवा, लोरेन्झो दुसरा. एस्टोरिलला तर लोरेन्झोच पहिला! भिंतीपलीकडचा जल्लोष अलीकडे ऐकू येत असणारच. चौथ्या शर्यतीत, शांघायला, रॉसीचा ताळा जुळला. वर्षअखेर नऊ विजय आणि जगज्जेतेपद.

२००९ पासून सगळ्यांनाच ब्रिजस्टोन सक्तीचे झाले. भिंतीचं कारण गेलं, भिंत राहिली. (बँकेतले काही फॉर्म मला असेच वाटतात.)

२०१६ साली मिशेलिन परतले, साडेसोळाऐवजी सतरा इंची चाकं घेऊन. आदल्या नोव्हेंबरात वालेन्सियाच्या चाचणीतच भलेभले आडवे झाले. ब्रिजस्टोनच्या पुढच्या टायरवर विसंबून, गाडी कलती असतानाही ब्रेक दाबायची सवय जडलेली! पुन्हा वजनाची वाटणी, पुन्हा स्प्रिंगा. त्या वर्षी अठरा शर्यतींत नऊ वेगवेगळे विजेते निघाले.

हे सगळं मी घरी सविस्तर सांगितलं. सौभाग्यवतींनी ऐकून घेतलं, मंडईपर्यंत मागे बसून नवी खाच तपासली आणि उतरताना म्हणाल्या, ‘पुढचाही झिजलाय. त्यात पैसे वाचवू नका.’