चाळीस भाकरींचे आभार

हिब्रू भाषेत आभार मानण्यास ‘तोदा’ म्हणतात. आजच्या इस्राएलात हा शब्द भाजीच्या दुकानातही कानी पडतो. पण जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा तोदा हे एका अर्पणाचे नाव होते. या शब्दाच्या धातूत उघडपणे मान्य करणे हा भाव आहे. म्हणून ईश्वराची स्तुती आणि पापाची कबुली या दोहोंसाठी हिब्रूत तोच धातू चालतो. ‘यहुदा’ या नावाचा संबंधही बायबलाने त्याच्याशीच जोडला आहे, आणि यहुदी हे नाव त्यावरूनच आलेले.

संकटातून सुटलेल्या माणसाने हे अर्पण करावयाचे. त्याचा विधी लेवीय ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सांगितला आहे. पशूबरोबर बेखमीर आणि खमिराच्या भाकरी आणावयाच्या. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत त्यांची संख्या चाळीस दिली आहे. चार याजकाला, उरलेल्या छत्तीस अर्पण करणाऱ्याच्या. नवसाच्या अर्पणाचे मांस दुसऱ्या दिवशीही चाले; तोदाचे मात्र त्याच दिवशी संपलेच पाहिजे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये! हा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. परंतु एवढे अन्न एका घराने संपवावे कसे? आप्तेष्टांना बोलावणे भाग पडे; आणि पंगतीला बसलेला पाहुणा, हे कशाबद्दल, असे विचारल्याशिवाय थोडाच राहणार? यजमानाने आपली सुटका सर्वांसमक्ष सांगावी म्हणूनच हा नियम, असे पुढील भाष्यकारांनी म्हटले आहे.

स्तोत्रसंहितेतील बाविसावे स्तोत्र याच दृष्टीने वाचावयास हवे. देवाने टाकले, या आक्रोशाने ते सुरू होते, आणि मध्येच तो पीडित मनुष्य भरसभेत देवाची स्तुती करण्याचे वचन देतो. तेथे दीनदुबळेही पोटभर जेवतील, असे म्हणतो. त्याचे दुःख जसे एकट्याचे होते, तशी सुटका एकट्याची राहत नाही. एकशे सातव्या स्तोत्रात तर अशा सुटलेल्यांचे चार वर्गच आहेत: रानात वाट चुकलेले, बंदिवान, आजारी आणि समुद्रावरील वादळातून वाचलेले.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले व अर्पणे थांबली. माणसे मात्र आजारातून उठतच होती, समुद्रावरून परततच होती. तालमुदाने याच चौघांवर आभारप्रदर्शनाचे कर्तव्य ठेवले. वेदी नाही, तेव्हा निदान दहा जणांच्या उपस्थितीत आशीर्वचन म्हणावे आणि मंडळींनी त्यास उत्तर द्यावे, असा प्रघात पडला.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजात दुखणे सरले वा नवस फळला, की एलियाहू हानबीच्या स्मरणार्थ मलिदा करतात. पोहे, खोबरे, साखर एकत्र कालवून फळांसह तबकात मांडतात आणि प्रार्थना झाल्यावर जमलेल्या सर्वांना वाटतात.