७५० पैकी २८२

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत 'गुणवंत विद्यार्थ्यांचा गुणगौरव समारंभ' होतो. पार्किंगमध्ये मांडव, भाड्याच्या खुर्च्या, चेअरमनसाहेबांचं भाषण, मग दुसरं भाषण, मग समोसा. दहावी-बारावीवाल्यांना ट्रॉफी आणि पाकीट, चित्रकलेच्या आणि कराटेच्या परीक्षा दिलेल्या लहान मंडळींना सर्टिफिकेट. गेली चार वर्षं यादी करायचं काम माझ्या गळ्यात आहे. का? तर "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम!"

खरंच दोन मिनिटांचं काम आहे हो. एक्सेल उघडायचं, टक्क्यांच्या कॉलमला फिल्टर लावायचा, ८५ च्या वरचे ठेवायचे, प्रिंट काढायची. यंदाही तेच केलं. चौदा नावं आली.

फिल्टरखाली जे गेले त्यात आमच्या वॉचमनकाकांचा मुलगा होता. चौपन्न टक्के. पंपाच्या खोलीमागच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, पहाटे उठून आमच्याच गाड्या पुसतो, मग शाळेत जातो. कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी त्याचं नाव काढलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "एकाला घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागेल. आणि चौपन्नला गुणवंत म्हणायचं का?" सगळे हसले. मी पण हसलो. इथे खोटं कशाला लिहू.

घरी येऊन झोप काही लागेना. तेव्हा एका जुन्या सत्काराची गोष्ट आठवली आणि शनिवार-रविवार त्यातच गेला. तीच आज सांगतो.

गोष्ट मुंबईची, १९०७ सालची. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार परळच्या चाळीत एका खोलीत कुटुंबाला घेऊन राहात होते. त्यांचा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. गुण मिळाले ७५० पैकी २८२. करा भागाकार... ३७.६ टक्के. माझ्या फिल्टरमधून हा मुलगा कधीच वर आला नसता.

मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

आता कोणी म्हणेल, तेव्हाचे टक्के आणि आजचे टक्के यांची तुलना कशी करता? बरोबर आहे, करूच नये. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, तेव्हा शंभरावर मुलं बसली आणि जेमतेम विसेक पास झाली. त्या विसात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, यावरून गाळणी किती बारीक असेल बघा. पुढे पन्नास वर्षांत पास होणारे वाढले, पण पेपर इंग्रजीतून, तपासणारा हात आखडता, आणि मॅट्रिकला नापास होणं ही घरोघरची कथा. तरीसुद्धा २८२ हे काही त्या काळीही फार मोठे गुण नव्हते. म्हणजे हा सत्कार टक्क्यांचा नव्हताच.

मग कशाचा होता?

धनंजय कीरांनी १९५४ साली लिहिलेल्या चरित्रात प्रसंग असा येतो: अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणं हीच तेव्हा अपूर्वाई, म्हणून त्याच्या अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाने त्या मुलाला आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. हे पुस्तक १८९८ साली निघालेलं. केळुसकरांची आणि भीमरावची ओळख चर्नी रोडच्या बागेत झालेली. शाळा सुटल्यावर मुलगा तिथे पुस्तक घेऊन बसायचा, केळुसकर फिरायला यायचे. रोज वाचत बसणारा हा मुलगा कोण म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि मग त्याला पुस्तकं द्यायला लागले.

गंमत पुढे आहे. खुद्द बाबासाहेबांनी हाच सत्कार जरा वेगळा सांगितलाय. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, निघाला तेव्हा ती त्यात छापली गेली नाही. त्या प्रस्तावनेत ते लिहितात की मी इंग्रजी चौथी पास झालो तेव्हा ही सभा झाली आणि अध्यक्ष स्वतः दादा केळुसकर होते. तेव्हा मॅट्रिक म्हणजे इंग्रजी सातवी. म्हणजे इंग्रजी चौथी ही मॅट्रिकच्या वाटेवरची निम्मी मजल. इतर समाजांत कोणी लक्षही दिलं नसतं, हे ते स्वतःच नोंदवतात.

मग खरं काय? चरित्रकार म्हणतो मॅट्रिक, बोले. स्वतः नायक म्हणतो चौथी, केळुसकर. आमच्या धंद्यात दोन लॉग असे जुळेनासे झाले की आम्ही आधी दोन्हींत काय सारखं आहे ते बघतो. इथे सारखं काय? सभा झाली. केळुसकर होते. पुस्तक दिलं गेलं. पन्नास वर्षांनंतर इयत्तेबद्दल दोन मतं पडली, पण पुस्तकाबद्दल नाही. माझ्यापुरतं मला ते पुरेसं आहे.

त्या प्रस्तावनेतली दुसरी हकीकत मात्र मला जास्त भिडली. समाजातली माणसं सभेची परवानगी मागायला सुभेदार रामजींकडे गेली, तर त्यांनी साफ नकार दिला! पोराच्या डोक्यात हवा जाईल, नुसती परीक्षा तर पास झालाय, आणखी काय केलंय, असा त्यांचा सूर. याच बापाने मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवलेले, हे लक्षात घ्या. माणसं हिरमुसली आणि केळुसकरांकडे गेली. केळुसकर हे रामजींचे स्नेही. ते मध्ये पडले, थोडी वादावादी झाली, बापाने ऐकलं, आणि सभा झाली.

मुलाने पुस्तक वाचलं आणि सरळ वडिलांना विचारलं की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, हे का नाही दिलंत? तो प्रश्न पुढे जवळजवळ पन्नास वर्षं चालला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला काय झालं ते मी सांगायला नको. एका बक्षिसाच्या पुस्तकामुळे सगळं घडलं असं म्हणणं बालिशपणा होईल. पण आपल्या बुद्धविचाराची सुरुवात कुठून झाली हे सांगताना त्यांना तो सत्कार आठवला, एवढं तर त्यांनीच लिहून ठेवलंय.

आता जरा त्याच शाळेतल्या दुसऱ्या एका मुलाकडे वळू. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला तो चिंतामण द्वारकानाथ देशमुख, एल्फिन्स्टन हायस्कूलचाच. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. आमच्या आजोबांच्या पिढीत 'शंकरशेट' म्हटलं की पुढे काही सांगावं लागायचं नाही, इतका त्या बक्षिसाचा दबदबा. देशमुख पुढे १९१८ साली आयसीएसला पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, मेघदूताचा मराठी अनुवाद केला. निखालस गुणवंत. यांच्यासाठी कुठलाही फिल्टर लावा, यादीत पहिलं नाव यांचंच.

आणि भीमराव? त्याला शाळेत संस्कृत शिकायचं होतं, पण अस्पृश्य म्हणून ते शिकवलं गेलं नाही. फारसी घ्यावी लागली. म्हणजे शंकरशेट मिळाली नाही हा मुद्दाच नाही. त्या शर्यतीच्या मैदानातच त्याला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. शिष्यवृत्तीच्या कागदावर जातीचा उल्लेख असायची गरजच नव्हती, वर्गातल्या गुरुजींनी ते काम आधीच उरकलेलं. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या जिद्दीवर शिकून घेतलं.

हे दोघं पुढे कुठे एकत्र आले माहितीये? दिल्लीत, नेहरूंच्या मंत्रिमंडळात. देशमुख १९५० च्या मध्याला अर्थमंत्री झाले, आंबेडकर कायदामंत्री होते आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे वर्षाहून अधिक काळ एकाच शाळेचे पहिला नंबरवाला आणि २८२ वाला एका टेबलाभोवती बसत होते. आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ सालीच लिहून मोकळा झाला होता तो २८२ वाला!

त्या सभेतल्या इतरांचं काय झालं? केळुसकर नुसतं पुस्तक देऊन थांबले नाहीत. इंटरनंतर शिक्षणाचे पैसे संपले तेव्हा तेच भीमरावला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यावर बी. ए. झालं, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ. आणि बोले? सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा १९२३ चा मुंबई विधिमंडळातला ठराव त्यांचाच. त्याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, ते कागदावरच राहिलं, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले.

म्हणजे बघा, शाळकरी मुलाच्या सत्काराला जमलेली ही माणसं समोसा खाऊन पांगली नाहीत. सत्कार म्हणजे त्यांच्या लेखी एक प्रकारची जबाबदारी होती. आम्ही ट्रॉफी देतो आणि खुर्च्यांचं भाडं चुकतं करतो.

असो. तर शनिवारी रात्री खाली उतरलो. काका गेटवर बसले होते. म्हटलं, "काका, पोराचं नाव यादीत घालतोय."

ते एकदम उठून उभे राहिले. "नको साहेब. नुसता पास झालाय तो. त्यात काय एवढं? लोक हसतील."

मला काय बोलावं कळेना. लोक हसले होते, आणि त्यात मीही होतो. मी काही केळुसकर नव्हे, वादावादी करून बापाचं मन वळवायला लागणारा अधिकार माझ्याकडे नाही. मुलगा मागे उभा राहून ऐकत होता. त्याला विचारलं, पुस्तक दिलं तर कसलं आवडेल? आधी लाजला. मग म्हणाला, "वायरिंगचं. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरलाय. पण मराठीत पाहिजे, आणि चित्रं असलेलं."

वर येऊन एक्सेल उघडलं आणि फिल्टर काढून टाकला. तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. पाच ओळींत टक्क्यांची जागा रिकामी होती. फिल्टर रिकाम्या ओळीही झाकतो, त्यामुळे चार वर्षांत मी त्या कधी पाहिल्याच नाहीत. त्या घरांनी मार्कशीट पाठवलीच नव्हती. पाठवून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यातलं एक घर आमच्याच मजल्यावरचं, अगदी समोरचं. रोज लिफ्टमध्ये भेटतो.

यादी आता चौदाची तेवीस झाली आहे. आज संध्याकाळी कमिटीसमोर ठेवायची आहे. चेअरमनसाहेब ट्रॉफीचं बजेट काढणार, हे नक्की. मी सांगणार आहे की ट्रॉफी नकोच, त्या पैशांत ज्याला जे हवं ते पुस्तक देऊ. पटलं तर ठीक. नाही पटलं, तर वायरिंगचं पुस्तक मी स्वतः आणणार आहे.

मराठीत, चित्रं असलेलं. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.