घरचा पोहण्याचा तलाव आणि क्लोरिनचा इतिहास

बंगल्याच्या आवारात किंवा फार्महाउसवर छोटा पोहण्याचा तलाव बांधण्याची हौस हल्ली वाढली आहे. "आमचे पाणी अगदी निळेशार असते, मग क्लोरिन कशाला?" हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. म्हणून आज तो इतिहास थोडक्यात पाहू.

क्लोरिनपूर्वीचा काळ

इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने सार्वजनिक स्नानगृहे उभारण्याची वाट मोकळी झाली. पुढे त्यांत पोहण्याचे तलावही आले. त्या काळी देखभाल म्हणजे तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, रिकामा करून घासायचा आणि पुन्हा भरायचा. अनेक ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग असे आणि पाणी जुने होईल तसे ते स्वस्त होत जाई. साहजिकच गरिबांच्या वाट्याला सर्वांत घाण पाणी येई.

एका डॉक्टरचे धाडस

क्लोरिनचा वापर आधी पिण्याच्या पाण्यात सुरू झाला. १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टोन येथे विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा ब्लीचिंग पावडरने जलवाहिन्या निर्जंतुक केल्या गेल्या. पण तो तात्पुरता उपाय होता. १९०५ मध्ये लिंकन शहरात अशाच साथीनंतर पाण्यात नियमितपणे क्लोरिन मिसळू लागले.

अमेरिकेत हे काम जॉन लील या डॉक्टरांनी केले. जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीविरुद्ध शहराने दावा लावला होता. पाण्यात 'रसायन' टाकण्याची कल्पनाच तेव्हा लोकांना नकोशी होती. तरीही २६ सप्टेंबर १९०८ पासून लील यांनी रोजच्या सुमारे १५ कोटी लिटर पाण्यात क्लोरिन मिसळायला सुरुवात केली आणि न्यायालयात त्याचे ठामपणे समर्थन केले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्याकडे गावोगावी विहिरीत पडणारी टीसीएल पावडर याच कुळातली आहे.

यानंतर थोड्याच काळात, १९१० च्या सुमारास, अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात जॉन बंकर यांनी हीच युक्ती पोहण्याच्या तलावात वापरली.

क्लोरिन टाकले म्हणजे झाले का?

नाही. क्लोरिन पाण्यात गेले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे मुख्य काम ते करते. पाण्याचा सामू (पीएच) सुमारे ७.५ असेल तर क्लोरिनचा साधारण निम्मा भाग या रूपात असतो. सामू ८ वर गेला की तो जेमतेम पाव उरतो. क्लोरिन तेवढेच, पण त्याची धार बोथट!

दुसरी गोष्ट म्हणजे वास. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की "क्लोरिन जास्त झाले" असे आपण म्हणतो. खरे तर घाम आणि लघवी यांतील नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात, त्यांचा तो वास असतो. अनेकदा त्याचा अर्थ उपयोगी क्लोरिन कमी पडते आहे, असा असतो.

भिंतीतली फट

या इतिहासातली सर्वांत दुःखद घटना चेकोस्लोव्हाकियातील उस्ती नाद लाबेम या शहरातली आहे. १९६२ ते १९६५ या काळात तिथल्या एका बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावात पोहलेले १६ तरुण मेंदूज्वराने दगावले. कारण नंतर, जतन केलेले नमुने पुन्हा तपासल्यावर कळले. तो 'नेग्लेरिया फाउलेरी' हा अमीबा होता. तो नाकात गेलेल्या पाण्यातून मेंदूपर्यंत पोचतो. हे पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. पुढील तपासात तडा गेलेल्या भिंतीमागच्या पोकळीत या अमीबाचा आसरा सापडला. तिथे क्लोरिन नीट पोचत नव्हते.

क्लोरिनलाही मर्यादा आहेत. १९८० च्या दशकापासून क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे तलावांतून जुलाबाच्या साथी पसरल्याचे दिसू लागले. नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरिनमध्येही तो काही दिवस तग धरतो.

घरच्या तलावासाठी

- मुक्त क्लोरिन किमान १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम हवे. सायन्युरिक आम्लयुक्त गोळ्या वापरत असाल तर किमान २ पीपीएम.
- सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवा. दोन्ही गोष्टी पोहण्यापूर्वी चाचणी संचाने मोजा, अंदाजाने ठरवू नका.
- गाळणयंत्र नियमित चालवा. भिंती आणि कोपरे घासा, तडे वेळीच बुजवा.
- जुलाब होत असतील तर पाण्यात उतरू नका. जुलाब थांबल्यावर मुलांना लगेच पोहायला सोडण्याची घाई नको. क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असेल तर आणखी दोन आठवडे थांबा.
- आम्ल आणि क्लोरिनची पावडर कधीही एकत्र मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

सार्वजनिक तलावावर पाणी तपासायला निदान कुणीतरी नेमलेले असते. घरच्या तलावावर ती जबाबदारी मालकाची असते. आठवडाभर बंद राहिलेल्या फार्महाउसवर शनिवारी पोचलात की मुले पाण्याकडे धाव घेणारच. त्यांना पाच मिनिटे थांबवा आणि आधी पाणी तपासा. निळा रंग बहुधा फरशीचा असतो. त्यावरून पाण्यातल्या जंतूंबद्दल काहीही कळत नाही.