सांगलीची हळद: एक शब्द, तीन वस्तू

संशोधन आराखड्यात तुम्ही लिहिलंत, ‘हळद आरोग्याला चांगली असते हे आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे.’ मार्गदर्शक दोनच प्रश्न विचारतील. कोणती हळद? आणि कशावरून? पेटची तयारी करणाऱ्या, नुकतंच नाव नोंदवलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आज हे दोन प्रश्न घेऊन हळदीच्या इतिहासात जाऊ. सुरुवात अर्थातच सांगलीपासून.

सांगली-सातारा पट्ट्यात हळद हे आधी नगदी पीक आहे, औषध नंतर. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण, साधारण नऊ महिन्यांनी काढणी, मग शिजवणं, वाळवणं आणि ड्रममध्ये घालून पॉलिश. मातृकंद ते जेठे गड्डे, त्यांना फुटलेल्या बोटांसारख्या फांद्या ती हळकुंडं. पेठेत व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मोडताना होणारा टणक आवाज ऐकतो. दर ठरतो तो रंग, जाडी आणि वाळवण यांवर. हा सौदा जखम भरून येते का, या प्रश्नावर होत नाही.

साठवणुकीचंही तसंच. सांगलीलगत, कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं कोठार. हळद भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू कमी होत जातो, कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, काही तास थांबायचं, हा तिथला नियम. 2005 च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं, हळद कुजली आणि या पद्धतीला मोठा फटका बसला. पण पेव नेमकं काय जपत होतं? रंग, कोरडेपणा आणि बाजारभाव. साताऱ्याच्या बाजूला कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा हीच हळद आणखी वेगळं काम करते. तिथे ती श्रद्धेची खूण असते.

2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी 2016 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला मिळालं होतं. हे मानांकन काय सांगतं, तर या मालाची ओळख या भूभागाशी बांधलेली आहे आणि हे नाव इतरांनी वापरू नये. आजार बरा होतो असं ते सांगत नाही. पाकिटावर मात्र मानांकनाचं चिन्ह आणि ‘आरोग्यदायी’ हा शब्द शेजारी शेजारी छापले जातात आणि वाचणारा दोन्ही एकत्र करून टाकतो.

आता औषधी हळदीकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे पेटंटची. 28 मार्च 1995 रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर पेटंट मिळालं. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. आपल्याकडे खळबळ उडाली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद म्हणजे सीएसआयआरने 1996 मध्ये आव्हान दिलं. महासंचालक होते रघुनाथ माशेलकर. ऑगस्ट 1997 मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने सगळे दावे फेटाळले.

ही गोष्ट आपण बहुधा अशी संपवतो: ‘बघा, हळदीचे गुण अमेरिकेलाही मान्य करावे लागले.’ इथे थांबा. पेटंट कार्यालयापुढचा प्रश्न हळद गुणकारी आहे का, हा नव्हताच. प्रश्न होता, ही माहिती नवीन आहे का? सीएसआयआरने 32 संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेखही होता. त्यांतून सिद्ध काय झालं? हा वापर आधीपासून माहीत होता. माहीत असणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहीत असलेला उपाय निरुपयोगी असू शकतो आणि गुणकारीही. त्या निकालाने यातली कोणतीच बाजू घेतली नाही.

त्यातली आणखी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तर लिहूनच ठेवावी. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता चालू वापर पूर्वज्ञान म्हणून धरला जात नसे. तो छापील किंवा पेटंटच्या रूपात नोंदलेला असावा लागे. म्हणजे सांगलीतल्या लाखभर आज्यांनी नातवंडांच्या गुडघ्यावर हळद दाबली असती, तरी त्या कायद्यापुढे ते शून्य होतं. जुन्या पुस्तकातलं एक पान मात्र चाललं. म्हणूनच पुढे 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा करायला घेतला गेला. कोणती साक्ष पुरावा म्हणून चालते, हे ती साक्ष ऐकणाऱ्या व्यवस्थेवर ठरतं. अभिलेखागारात बसाल तेव्हा हे सतत जाणवेल.

तिसरी वस्तू प्रयोगशाळेतली: कुरकुमीन. हळदीला पिवळा रंग देणारं हे द्रव्य 1815 मध्ये व्होगेल आणि पेल्टियर यांनी वेगळं केलं. त्याची रासायनिक रचना 1910 मध्ये ठरली. आज हळदीवरचं म्हणून जे संशोधन दाखवलं जातं, त्यातलं बरंचसं खरं तर कुरकुमीनवरचं असतं. हळदीच्या पुडीत ते साधारण 3 टक्के असतं, वाणानुसार कमीजास्त.

इथे वहीत एक साधं गणित करा. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1998 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना 2 ग्रॅम कुरकुमीन दिलं, तर रक्तात ते जवळजवळ सापडतच नव्हतं. सोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. हा आकडा तुम्ही कुठे ना कुठे वाचलाच असेल. पण 3 टक्क्यांच्या हिशोबाने 2 ग्रॅम कुरकुमीनसाठी हळद लागते सुमारे 67 ग्रॅम. आमटीत आपण घालतो अर्धा चमचा. शिवाय जवळजवळ शून्य असलेली गोष्ट कितीही पटींनी वाढली, तरी ती आजार बरा करण्याइतकी झाली का, हा प्रश्न उरतोच.

2017 मध्ये काही अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. कुरकुमीनच्या 120 हून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी अज्ञात पद्धतीची, प्लासिबोशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं त्यांनी मांडलं. या निष्कर्षावर आक्षेपही आले. त्यांनी दाखवलेली एक अडचण मात्र मला फार बोलकी वाटते. कुरकुमीन स्वतः चमकतं, अस्थिर असतं आणि समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करतं. त्यामुळे काही चाचण्यांत परिणाम नसतानाही यंत्र परिणाम दाखवतं. सांगलीच्या पेठेत ज्या रंगामुळे भाव मिळतो, तोच रंग प्रयोगशाळेत फसवू शकतो.

मग सगळंच खोटं का? तसंही नाही. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या 367 रुग्णांवर झालेली चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत हळदीचा अर्क वेदना कमी करण्यात आयबुप्रोफेनच्या जवळपास उतरला. पण नीट वाचा: अर्क, रोज 1500 मिलिग्रॅम, आणि प्लासिबो गट नाही. निष्कर्ष त्या अर्काबद्दलचा आहे. रोजच्या भाजीतल्या हळदीबद्दल त्यातून काही ठरत नाही.

हा फरक केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचा अभ्यास करणाऱ्या गटाने 2022 पर्यंतच्या नोंदींतून हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेले 10 रुग्ण दाखवले. त्यातले 5 रुग्णालयात दाखल झाले, एक दगावला. काही गोळ्यांत शोषण वाढवणारं पायपरीनही सापडलं. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने आकडा लहान आहे. पण ‘आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, तर गोळीने काय होणार’ या भरवशाला तो तडा देतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आमटीतल्या हळदीचा आहे. गोळीतल्या अर्काचा तसा अनुभव कुणाच्याच आजीला नाही.

म्हणून आराखडा लिहायला बसण्याआधी एक करा. कोणताही आरोग्यदावा दिसला की वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, वस्तू कोणती: हळकुंड, पूड, अर्क की शुद्ध द्रव्य. दुसऱ्यात, पुरावा कशाचा: वापराचा, नावीन्याचा, स्थानाचा की परिणामाचा. तिसऱ्यात, तो पुरावा कोणापुढे मांडला होता: व्यापारी, कायदा की वैद्यक. तिन्ही रकाने जुळले, तरच दावा पुढे न्या. आणि जिथे जुळत नाहीत, तिथे निराश होऊ नका. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक वेळा त्या न जुळणाऱ्या जागीच सापडतो.