आधी शर्त, मग शर्यत

सावद्याच्या गुरांच्या बाजारात किंमत कानांवर पडत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, घेणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि खाली बोटं दाबली जातात. भोवतालच्यांनी तोंडांवरून अंदाज बांधायचा. त्याआधी मात्र दात बघायचे. मी पाहिलं त्या दिवशी एका म्हाताऱ्यानं गोऱ्ह्याचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबला, क्षणभर वाकला आणि म्हणाला, "आदतच हाये अजून, भो." आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. सौदा जमला तेव्हा रुमालातून एक घडी घातलेली नोट निघाली. हा इसार. उरलेली रक्कम ठरल्या दिवशी आणली नाही, तर इसार बुडाला.

या बाजाराला वय आहे. निमाडी आणि वऱ्हाडी गुरं इथे विकायला येतात, याची नोंद इंग्रजांच्या इंपीरियल गॅझेटिअरनंही घेतली होती. सावदा आणि सौदा हे कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण तो मोह मी टाळतो. मला आज दुसऱ्याच एका शब्दाचं कुळ सांगायचं आहे, आणि त्याची नाळ त्या इसाराच्या नोटेशी आहे. तो शब्द म्हणजे शर्यत.

शर्यत म्हटलं की आपल्याला पळणं दिसतं. शब्दात मात्र पळणं कुठेच नाही. मूळ अरबी 'शर्त', म्हणजे अट, करार. फारसी-दखनीच्या वाटेनं तो मराठीत उतरला आणि इथे त्याचा संसार वाढला. एक भाऊ सरकारी कागदात राहिला. सातबाऱ्यावरची 'नवीन शर्त' ज्याच्या जमिनीला चिकटली आहे, त्याला परवानगीवाचून ती विकता येत नाही. दुसरा भाऊ 'शर्थ', तो प्रयत्नांची करतात. तिसरी शर्यत, ती मैदानात गेली. हिंदीत आजही शर्त लागते ती पैशाची, आणि पळणाऱ्याची ती दौड. आपण मात्र पैजेचं नाव पळण्यालाच देऊन टाकलं. खुद्द 'पैज' तरी काय? संस्कृत 'प्रतिज्ञा' प्राकृतात झिजत झिजत पैज झाली. तिथेही आधी बोललेला शब्द आहे, पाय नंतर.

इंग्रजांकडेही हेच. तिथे दोन जमीनदार आपापल्या घोड्यांवर सारखी रक्कम लावत आणि ती तिसऱ्या, तटस्थ माणसाच्या हाती ठेवत. लावलेली रक्कम 'स्टेक', ती सांभाळणारा 'स्टेकहोल्डर'. आपल्याकडे प्रत्येक सरकारी बैठकीत हल्ली 'हितधारक' नावाची जमात बोलावतात, ती याच शब्दाची संतती. गंमत अशी की मूळच्या स्टेकहोल्डरचं निकालात कसलंच हित नसे, म्हणून तर त्याच्याकडे पैसे ठेवत. पुढे दोनाचे अनेक झाले, सगळ्यांनी घातलेली रक्कम जिंकणाऱ्यानं झाडून न्यायची, आणि शर्यतीलाच 'स्टेक्स' म्हणू लागले. म्हणजे त्यांचा शब्दही शर्यतीच्याच वाटेनं गेला. १७७९ साली एप्समला फक्त तीन वर्षांच्या बछेऱ्यांसाठी, म्हणजे तरण्या घोडींसाठी, 'ओक्स' ही शर्यत सुरू झाली. प्रसिद्ध डर्बी तिच्या एक वर्ष मागून आली, ही गोष्ट घोड्यांच्या शौकिनांनाही आठवण करून द्यावी लागते.

पण शर्तीचं अस्सल रूप बघायचं, तर अमेरिकेतल्या गाडीच्या घोड्यांकडे जावं लागतं. तिथे घोड्यावर स्वार नसतो. मागे दोन चाकांची, आपल्या छकड्याहूनही हलकी गाडी आणि तिच्यावर पाय पसरून बसलेला हाकणारा. घोड्यानं दौडायचं नाही, दुडक्या चालीनं किंवा एका अंगाचे दोन पाय एकदम टाकत पळायचं. चौखूर उधळला तर त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावं लागतं. या घोड्यांच्या जातीचं नावही एका अटीतून आलं. १८७९ साली तिथल्या पैदासकारांनी ठरवलं की मैलभर अंतर २ मिनिटं ३० सेकंदांच्या आत कापणारा घोडा प्रमाण मानावा. म्हणून 'स्टँडर्डब्रेड'. रंग, उंची, कपाळावरचा टिळा, काही नाही. घड्याळ हेच गोत्र.

त्यांच्या बछेऱ्यांच्या स्टेक्सची रीत ऐकून मला सावद्याचा रुमाल आठवला. 'फ्युचुरिटी' नावाच्या जुन्या शर्यतींत तर शिंगरू पोटात असतानाच मालक नाव नोंदवून पहिला हप्ता भरी. आपल्याकडे पोटाला कुंकू लावून सोयरीक ठरवत, तसंच. केंटकी फ्युचुरिटी १८९३ पासूनची. मग शिंगरू वाढतं तसे हप्ते येत राहतात. एक चुकला की बछेरी बाद, आणि आधीचं भरलेलं परत नाही. इसार बुडाला! १९२६ साली 'हॅम्बल्टोनियन' ही त्यांची मोठी शर्यत पहिल्यांदा झाली, तिचं बक्षीस होतं ७३,४५१ डॉलर. कुणा दानशूरानं जाहीर केलेली रक्कम अशी सुटी नसते. ती थेंबाथेंबानं साचलेली असते.

वयाचा हिशेबही ऐकण्यासारखा. शिंगरू मार्चात जन्मो की मेमध्ये, १ जानेवारीला सगळी एकदम वर्षानं मोठी. आमच्या पिढीतल्या निम्म्या खानदेशाचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेनं १ जूनला असतो, त्यामुळे आपण यावर हसू नये.

बछेऱ्यांची पंगत वेगळी का? एक तर त्या वयात नर अंगानं भरतात. खरं कारण पुढचं आहे. घोडी वर्षाला एकच शिंगरू देते, तेव्हा तिच्या नावावरची एक जीत पुढच्या प्रत्येक शिंगराच्या किमतीत मोजली जाते. १९७१ पासून हॅम्बल्टोनियनलाही बछेऱ्यांची जोडशर्यत आहे. तरी कुणी सरळ नरांच्या रांगेत उतरतेच. २०१८ ची हॅम्बल्टोनियन अटलांटा नावाच्या बछेरीनं मारली. आपल्या मुंबईच्या महालक्ष्मीला, गाडीविना, १९४३ ची पहिली इंडियन डर्बी जिंकली तीही एक बछेरीच, बडोद्याच्या गायकवाडांची प्रिन्सेस ब्यूटिफुल.

खानदेशात घोडं बघायचं तर तापीकाठी सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत. तिथे भाव चढतो तो रेवाल चालीवर: पाठ हलू नये, स्वाराच्या पोटातलं पाणी डुलू नये. ही चाल त्या अमेरिकी घोड्याच्या एका अंगाच्या चालीची लांबची बहीण वाटते, फक्त तिला छकडा जुंपलेला नाही. छकडा आपल्याकडे बैलांच्या वाट्याला आला, आणि त्या मैदानांतही आदत, दुसा असे गट पाडतात, म्हणजे अमेरिकेत घोड्यांची दोन आणि तीन वर्षांचे अशी जी विभागणी होते, ती आपण दातांवर केली. २०१४ साली बैलांचं ते पळणं सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, त्या दिवशीच्या बातम्यांत वाक्य होतं की शर्यती अटी-शर्तींवर होतील. फार काळानं भावंडं एका ओळीत भेटली. वार्ताहराच्या ध्यानीमनीही नसेल.

बाजार उठत आला तेव्हा तो गोऱ्हा अजून खुंट्यालाच होता. नोट घेतलेला शेतकरी तिची घडी उलगडून उन्हाकडे धरून बघत होता. घेणारा चार पावलं जाऊन परत आला, गोऱ्ह्याच्या शिंगाला आपल्या हातानं गेरूचा पट्टा ओढला आणि म्हणाला, "बाकीचे पुढल्या बाजारी."