रानाचा परवाना

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस बेहाला नावाची मोठी वस्ती आहे. तिच्या मधून डायमंड हार्बरचा रस्ता दक्षिणेस जातो. त्यावर आता मेट्रोचे खांब उभे आहेत आणि दोन्ही बाजूंस दुकानांची दाटी झाली आहे. अशा ठिकाणाचे नाव घेऊन शिकारीच्या परवान्याविषयी बोलू लागलो, तर आपणांस नवल वाटेल. परंतु हा रस्ता ज्या मुलखाकडे नेतो, तो सुंदरबनाचा मुलूख आहे आणि त्या बाजूच्या खेड्यांतून दक्षिणराय या व्याघ्रदेवतेची पूजा आजही चालते. कृष्णराम दास या कवीने १६८६ साली ‘रायमंगल’ नावाचे काव्य रचले. त्यात दक्षिणराय आणि बडेखाँ गाजी यांचे घनघोर युद्ध होते आणि अखेर ईश्वर मध्ये पडून दोघांचाही अधिकार मान्य करतो. बोनबीबीची कथा तर त्याहून बोलकी आहे. दुखे नावाच्या गरीब पोराला त्याचा चुलता मध गोळा करण्यासाठी रानात नेतो आणि नावभर मध-मेणाच्या बदल्यात त्याला वाघाच्या हवाली करून परत फिरतो. पोराने हाक मारताच बोनबीबी धावून येते. रान कोणाचे, त्यात कोणी शिरावे आणि किती घ्यावे, हा प्रश्न वनखाते जन्मण्यापूर्वीच लोकांनी आपल्या परीने सोडविला होता, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

बेहाल्यातच बारिशा हे जुने गाव सामावलेले आहे. तेथील सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १६९८ साली सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या तीन गावांचे हक्क तेराशे रुपयांस ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. जमिनीचा हक्क एकदा कागदावर उतरला की जमीन कोणाची हे पुढे कागदच सांगू लागतो. रानांवर ही पाळी येण्यास आणखी एकशे ऐंशी वर्षे लागली. १८६५ चा पहिला वनकायदा तोकडा पडला, म्हणून १८७८ साली दुसरा आला. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालविणे आणि सापळे वा फासे लावणे, ही सारी कृत्ये त्याने एकाच पंक्तीस बसवून गुन्हा ठरविली. १९२७ च्या कायद्याने तीच रीत पुढे चालविली.

नियमांविरुद्ध शिकार गुन्हा ठरली, म्हणजे नियमांप्रमाणे केलेली शिकार हक्क ठरली. हा हक्क देण्याची पद्धत मध्यप्रांत-वऱ्हाडात विशेष रेखीव होती. जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. एका ब्लॉकमध्ये ठराविक मुदतीसाठी एकाच मंडळीस प्रवेश मिळे. बंदुका किती, जनावरे किती व कोणती, मादी मारावी की नाही, कोणत्या महिन्यांत शिकार बंद, हे सारे परवान्यावर लिहिलेले असे. एखाद्या ब्लॉकमधील जनावर घटले तर तो काही काळ बंद ठेवीत. हा सर्व व्यवहार मी वाचतो तेव्हा त्यातील नीटनेटकेपणाचे मला कौतुक वाटते. फायलींत ज्याचा जन्म गेला त्याला ते वाटणारच. पण परवाने देणाऱ्या टेबलापाशी बसणाऱ्यास आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. कोणत्याही परवान्याचा खरा इतिहास त्याच्या अटींत सापडत नाही. अर्जांचा क्रम कोणी आणि कसा लावला, यात तो सापडतो.

बाहेरच्या नवख्या मनुष्याचे उदाहरण घेऊ. कलकत्त्याच्या एखाद्या कचेरीतील गृहस्थास वाघाच्या शिकारीची हौस आली आहे. वाट अवघड नव्हती. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली होती. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे झाली आणि तिचे मुख्यालय तर बेहाल्याच्या शेजारीच, गार्डन रीच येथे थाटले गेले. बंदुका व काडतुसे कलकत्त्यात मिळत आणि नवशिक्यांस सल्ला देणारी इंग्रजी पुस्तकेही पुष्कळ होती. अडे ते ब्लॉकपाशी. चांगला ब्लॉक आणि चांगला महिना सगळ्यांनाच हवा असे. पाने झडलेली, पाणवठे आटलेले, अशा उन्हाळ्यात वाघ हटकून पाण्यावर येतो, हे कोणाला ठाऊक नव्हते? जिल्ह्यातल्या अंमलदारास ब्लॉक मिळणे सोपे होते. ओळखीचे पत्र नसलेल्या परक्यास उरलेला ब्लॉक मिळे. तेथे पोहोचल्यावर आमिषासाठी हेले विकत घ्या, मचाण बांधा, हाकाऱ्यांची मजुरी द्या आणि पंधरवड्याअखेर रिकाम्या हाताने गाडी पकडा! पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला तर गेल्या वर्षीच्या निराशेची नोंद कोठेही नसे. दफ्तराला हुद्दा स्मरे, नाव स्मरे. वाट पाहिलेली स्मरत नसे.

ज्यांना ही रांग लागूच नव्हती, त्यांचाही मुक्काम बेहाल्यापासून दूर नव्हता. अलीपूरमध्ये ‘वुडलँड्स’ हा कूचबिहारच्या महाराजांचा वाडा होता. महाराजा नृपेंद्रनारायण यांनी कूचबिहार, डुआर्स व आसाम येथील आपल्या सदतीस वर्षांच्या शिकारीचा वृत्तांत १९०८ साली प्रसिद्ध केला. त्यात ३६५ वाघ आणि २०७ गेंडे यांची नोंद आहे. मोजणी चोख आहे. संयमाचा हिशेब मात्र तीत नाही. याच घराण्यात १९१३ साली आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे सून म्हणून आल्या आणि त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी वयाच्या बाराव्या वर्षी पहिला बिबळ्या मारला. बाराव्या वर्षी हेही नवशिकेपणच. पण रान आजोळचे किंवा वडिलांचे असले म्हणजे नवशिक्यास अर्ज करावा लागत नाही. संस्थानी मुलखात सगळी मदार आमंत्रणावर असे. कलकत्ता हायकोर्टातील बॅरिस्टर कुमुदनाथ चौधुरी हे नामांकित शिकारी आणि शिकारीवरील पुस्तकाचे लेखक होते. ते १९३४ साली कालाहंडीच्या जंगलात वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावले. अनुभव गाठीस असूनही परक्या रानात काय होते, याचे हे विषण्ण करणारे उदाहरण आहे.

आता याच प्रश्नाची अमेरिकेने लावलेली व्यवस्था पाहू. कारण बाहेरच्या नवख्याचा विचार तिने मोठ्या बारकाईने केला आहे. एकोणिसाव्या शतकात धंदेवाईक शिकाऱ्यांनी तेथील गव्यांचे अफाट कळप जवळजवळ संपविले आणि मग कायदे आले. वन्य प्राणी ही जनतेची ठेव असून तिचे विश्वस्त राज्य सरकार आहे, असा विचार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली मांडला. पुढे १९७९ साली मालकीची ती कल्पना न्यायालयाने सोडून दिली, तरी नियमनाचा राज्याचा अधिकार कायम राहिला. ठेव राज्याच्या जनतेची असेल तर दुसऱ्या राज्यातील मनुष्य पाहुणा ठरतो. माँटाना राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी स्थानिकास ९ डॉलर पडत आणि बाहेरच्यास २२५ डॉलरांचा एकत्रित परवाना घेणे भाग होते. त्याविरुद्ध दाद मागितली गेली, तेव्हा १९७८ साली न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला. शिकार हा काही उपजीविकेचा मूलभूत हक्क नव्हे. ती हौस आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

पैशाने भागेना, तेव्हा सोडत आली. हवे असलेले जनावर थोडे आणि अर्ज फार, म्हणून चिठ्ठ्या काढावयाच्या. ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याच्या खाती त्या वर्षाचा एक गुण जमा करावयाचा. काही राज्यांत अधिक गुणवाल्यास आधी परवाना मिळतो. काहींत गुण वाढले की सोडतीतील संधी वाढते. न्यू मेक्सिकोसारख्या राज्यात मात्र गुणच नाहीत, निखळ दैव आहे. बाहेरच्यांचा वाटा बहुधा ठरलेला असतो. ॲरिझोनात तो फार तर दहा टक्के. आपल्या सरकारी भाषेत बोलावयाचे तर अर्जास आवक क्रमांक पडतो आणि तो क्रमांक वर्षअखेर पुसला जात नाही. मध्यप्रांताच्या दफ्तरात जे नव्हते ते येथे आहे: वाट पाहण्याची नोंद.

एवढ्याने न्याय झाला असे मात्र म्हणता येत नाही. आधीचे गुणवंत संपत नाहीत, मागून नवे येतच राहतात. त्यामुळे परवान्यास लागणारी गुणसंख्या दरवर्षी थोडी पुढे सरकते आणि आज आरंभ करणाराही वर्षाला एकाच गुणाने तिच्या मागे धावत राहतो. रानमेंढ्यासारख्या दुर्मिळ जनावरासाठी वीस-वीस वर्षे थांबलेली माणसे आहेत. म्हणून जाणते शिकारी नवख्यास सांगतात की, एकाच राज्यावर भिस्त ठेवू नकोस. तीन-चार राज्यांत गुण साठव. सोडत नाही किंवा सोपी आहे अशा ठिकाणी दरम्यान साध्या हरणाची शिकार करून रान वाचावयास शीक. आणि मोठा परवाना निघेल तेव्हा पायांत बळ उरेल, अशी काळजी घे. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो ज्याला चार ठिकाणी वर्षानुवर्षे पैसे भरणे परवडते त्याच्यासाठी आहे.

त्या १८९६ सालाकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे. प्राणी ही जनतेची ठेव, असे ज्या वर्षी न्यायालयाने सांगितले, त्याच वर्षी त्याच न्यायालयाने बॅनक जमातीच्या एका मनुष्याचा शिकारीचा हक्क अमान्य केला. १८६८ च्या तहाने तो हक्क त्यांना दिला होता. पण वायोमिंग राज्य झाले तेव्हा तो मावळला, असे न्यायालय म्हणाले. १८९० साली राज्य झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारा आपल्याच रानात बेकायदा ठरला. हा विचार न्यायालयाने पूर्णपणे टाकून दिला तो २०१९ साली, क्रो जमातीच्या हेरेरा नामक गृहस्थाच्या खटल्यात.

आपल्याकडे वेगळे काय घडले? मेळघाटातील कोरकू, चांदा-मंडला भागातील गोंड आणि बैगा यांच्या धनुष्यबाणांस परवाना नव्हता. जनावराचा माग तेच काढीत, हाका तेच घालीत, जखमी वाघामागे झाडीत आधी तेच शिरत. परवाना मात्र मचाणावरच्या पाहुण्याचा. फासे लावून पोट भरणारे पारधी तर गुन्हेगार जमातींच्या यादीत गेले आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी लोकांच्या मनातील यादी तितक्या लवकर रद्द झाली नाही. ज्या रांगेत परका नवखा वर्षानुवर्षे तिष्ठत होता, त्या रांगेत उभे राहण्याचीही या माणसांस मुभा नव्हती. परक्याविषयी मला सहानुभूती आहे. परंतु त्याच्या गाऱ्हाण्यास मी दुसरा क्रमांक देईन.

स्वातंत्र्यानंतर शिकार आणखी सैल झाली. रायफली आणि जीपगाड्या वाढल्या, परदेशी पाहुण्यांना डॉलर घेऊन शिकार घडविणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ च्या गणनेत १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘बिग गेम’चा वेगळा परवाना होता, हे आज पुष्कळांस ठाऊक नाही, विशेष, मोठी व लहान शिकार आणि प्राणी पकडणे असे परवान्यांचे चार प्रकार त्यात होते आणि मारलेल्या जनावराची नोंद ठेवणे परवानेधारकास बंधनकारक होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती सारी व्यवस्था गेली. व्याघ्रप्रकल्प १९७३ साली सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट आणि बेहाल्याच्या दक्षिणेचे सुंदरबन, ही दोन्ही होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासीयांचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. वाघांची तेव्हाची संख्या ध्यानात घेता यास इलाज नव्हता, असे मला वाटते; तथापि रायफलवाल्याच्या अपराधाची किंमत बाणवाल्यानेही मोजली, हे नाकारता येणार नाही.

रानाची रांग अजून आहेच. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबात आता वाघ पाहण्यासाठी गाड्यांची संख्या ठरलेली असते, आरक्षण आगाऊ होते, आणि चांगल्या फाटकाची चांगली सकाळ सर्वांनाच हवी असते. गाडीत पुढे बसणारा वाटाड्या मात्र आसपासच्या गावचा असतो. ओल्या वाळूतील पंजा आधी त्यालाच दिसतो, आणि या कामाची मजुरी त्याला फाटकावर रीतसर मिळते.